अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

वर्धा जिल्ह्याचे नाव भारताच्या शैक्षणिक इतिहासात कायमचे कोरले गेले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात २२ व २३ तारखेस वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. ह्या परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आले. ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा भावे, जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मशरूवाला आदी मंडळी समितीत होती. समितीने आखलेली योजना ‘वर्धा शिक्षण योजना’ म्हणून देशभर गाजली. आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून झाकिरसाहेबांवर वेळोवेळी लेख येत असतात, आणि ते येणे योग्यच आहे.

परंतु ह्या योजनेकडे पाहताना एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. ती सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी होती. मग सात वर्षांच्या आतील मुलाचे काय? ह्या प्रश्नाला पुढे १९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथील परिषदेत स्थान मिळाले. गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती वाढवून तीत पूर्वबुनियादी शिक्षण आणले. सेवाग्रामला शांताबाई नारूळकर यांनी लहानग्यांचे हे काम मोठ्या निष्ठेने केले. त्याच वर्षी, येथून शेकडो मैल दूर, समुद्रकाठच्या बोर्डी गावात त्रेपन्न वर्षांच्या एक बाई ह्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी येऊन राहिल्या होत्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. त्यांचे चरित्र पालक बंधुभगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, असा माझा हेतू आहे.

प्रथमच एक कबुली देतो. बी.एड.च्या वर्गात ताराबाईंचे नाव आम्ही एका ओळीत शिकलो. परीक्षेत ‘टिपा लिहा’ ह्या सदरात त्या येत असत. मी टीप लिहिली, गुण मिळाले आणि विसरलो. त्यांची खरी आठवण मला पहिलीच्या वर्गातल्या एका मुलाने करून दिली. तो मुलगा शाळेत दाखल झाल्यावर दोन महिने एक शब्द बोलला नाही. विचारले की मान खाली. मी त्याला मंद समजलो, एकदा रागावलोही. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो कडुनिंबाखाली आपल्या धाकट्या बहिणीला बकरीची गोष्ट सांगताना दिसला. घरच्या बोलीत, हातवारे करून, बकरीचा आवाज काढून! बहीण खदखदून हसत होती. नंतर त्याच्या अम्मीने सांगितले की, आधीच्या के.जी.त घरची भाषा बोलला म्हणून त्याला बाकावर उभे केले जाई. मुलगा मुका नव्हता, त्याचे तोंड आपण मोठ्यांनी बंद केले होते. त्यानंतर मी ग्रंथालयातून ताराबाईंबद्दलची पुस्तके काढून वाचू लागलो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींनी शिकावे असे मानणारी घरे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ताराबाईंना असे घर लाभले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वर्षी आपल्या वऱ्हाडात पदवीधर स्त्री म्हणजे नवलाचीच गोष्ट ठरली असती. विवाहानंतर त्या अमरावतीस आल्या. यजमान वकील होते. अशा रीतीने ह्या बाईंचा आपल्या विदर्भाशी संबंध आला. मात्र हा संसार टिकला नाही. त्याच्या तपशिलात शिरण्याचे आपणांस कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, १९२१ च्या सुमारास ताराबाई पदरी लहान मुलगी घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. आजही अशा स्त्रीला चारचौघांत काय ऐकून घ्यावे लागते ते आपण जाणतो. शंभर वर्षांपूर्वीची कल्पनाच करावी.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, मान होता. ही नोकरी त्यांनी सोडली. कारण काय, तर भावनगरात एक वकील वकिली सोडून लहान मुलांत बसू लागला आहे, हे त्यांच्या कानी आले होते.

हे वकील म्हणजे गिजुभाई बधेका. मॉन्टेसोरी बाईंचे पुस्तक वाचून त्यांचे मन पालटले आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना कौतुकाने ‘मिशीवाली आई’ म्हणत. १९२३ साली ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. पुढची नऊ वर्षे दोघांनी मिळून जे काम केले, त्यातून भारतातील बालशिक्षणाचा पाया घातला गेला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षण पत्रिका’ निघाली, तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. शिक्षकांइतकीच ती आईबापांसाठी होती. मुलाला मारू नका, भीती घालू नका, बक्षिसाची लालूच दाखवू नका, शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नका, हे त्या काळी लिहिणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होते. ‘छडी लागे छमछम’ हीच सर्वत्र समजूत होती.

येथे मॉन्टेसोरी बाईंविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. डॉ. मारिया मॉन्टेसोरी ह्या इटलीतील डॉक्टर. १९०७ च्या जानेवारीत रोम शहरातील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. कामावर जाणाऱ्या मजुरांची मुले तेथे येत. मुलाला स्वतःच्या हाताने काम करू द्यावे, शिक्षकाने मध्ये लुडबुड करू नये, मूल आपणहून शिकते, असे त्यांचे मत. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच अडकून पडल्या. त्यांच्यामुळे आपल्या देशात शेकडो शिक्षिका तयार झाल्या.

परंतु गिजुभाई आणि ताराबाई हे मॉन्टेसोरींचे आंधळे अनुयायी नव्हते, हे मला विशेष वाटते. लहान मुलांना राक्षस-परींच्या कल्पित कथा सांगू नयेत, असे मॉन्टेसोरींचे मत होते. भावनगरच्या बालमंदिरात मात्र लोककथा, गाणी, बडबडगीते, नाच, नाटुकली यांना मानाचे स्थान होते. गिजुभाईंनी तर गावोगावच्या लोककथा गोळा केल्या. आपल्या दादी-नानी रात्री अंगणात खाटेवर बसून जे सांगतात, ते टाकाऊ नाही, हे त्यांनी ओळखले होते. दुसरी गोष्ट साहित्याची. मॉन्टेसोरींचे लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, मण्यांच्या माळा हे सारे विलायती व महागडे. सधन घरांतच ते परवडणार. हा काटा ताराबाईंच्या मनात पुष्कळ वर्षे सलत राहिला असला पाहिजे, कारण त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा त्यानेच ठरवली.

भावनगर सोडल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. मराठी मुलांसाठी बालमंदिर आणि शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर असे त्याचे स्वरूप होते. नाव झाले, पालक रांगा लावू लागले. गिजुभाई १९३९ साली वारले. आता ताराबाईंनी दादरमध्ये राहून, सुखाने संस्था चालवून म्हातारपण काढले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. पण शिशुविहारात येणारी मुले कोण होती? पांढरपेशांची, चार भिंती आणि चार पुस्तके असलेल्या घरांतली. बालशिक्षणाची ज्याला सर्वांत जास्त गरज, ते मूल दादरच्या फाटकापर्यंत पोचतच नव्हते.

म्हणून १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. बोर्डी हे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातले गाव, २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा होत्या, नोकरी करीत शिकलेल्या, वय पस्तीस. ह्या दोघींनी मिळून पुढची अठ्ठावीस वर्षे काढली.

पहिली बालवाडी उघडली आणि मुले आलीच नाहीत! शिशुविहाराचे यश गाठीशी असलेल्या ताराबाईंना हा केवढा धक्का असेल. मग ताई स्वतः घरोघर फिरू लागल्या. मुलांना आणावे, आंघोळ घालावी, केस विंचरावेत, नखे काढावीत, मग गाणे-गोष्ट. तरी उद्या तेच मूल गैरहजर. कारणे शोधता शोधता कळले की, आई पहाटेच कामाला जाते, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते, तिने शाळेत यायचे कसे? धाकट्याला ठेवायचे कोठे? शिवाय वस्तीपासून बालवाडी दूर, आणि शाळा नावाच्या इमारतीची गरिबाला धास्ती.

आपल्या जिल्ह्यातील पालकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कापूस वेचणीच्या दिवसांत हिंगणघाट, देवळी, सेलूकडच्या शेतांतून जाताना धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेली झोळी दिसते. झोळीत तान्हे, आणि झोका देणारी पाच-सहा वर्षांची पोर. त्या पोरीचे नाव माझ्यासारख्या एखाद्या शिक्षकाच्या हजेरीपटावर असते आणि त्यापुढे ‘गै’ लिहिलेले असते.

ताराबाईंनी ह्यावर जो उपाय काढला तो ऐकायला फार सोपा वाटतो. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीतल्या एखाद्या मोकळ्या अंगणात ताई जाऊन बसे. झाडून घ्यायचे, पाणी शिंपडायचे, मुलांना गोळा करायचे. तान्हे मूल घेऊन बहीण आली तरी चालेल, आजी दारात बसून ऐकू लागली तरी चालेल. साहित्य विलायती नाही. शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, बिया, पाने, फुले, खडे, मातीची भांडी. रंग ओळखायचे ते फुलांवरून, लहानमोठे शिकायचे ते खड्यांवरून, मोजायचे ते चिंचोके. जे मॉन्टेसोरींच्या पेटीत होते, तेच समुद्रकाठी फुकट पडलेले होते. ह्या पद्धतीला नाव पडले ‘अंगणवाडी’. आज हा शब्द साऱ्या देशाच्या तोंडी आहे, पण तो ह्या अंगणातून आला, हे फारच थोड्यांना माहीत असते.

१९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली आदिवासींमध्ये. तेथील मुले गुरे राखीत. तेव्हा शिक्षक कुरणात गेले, गुरे चरताहेत आणि मुले शिकताहेत, अशी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभारली गेली. थोरल्या बहिणीने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात निर्धास्त बसावे. बोर्डीच्या अपयशाने जो प्रश्न विचारला होता, त्याचे हे उत्तर.

आता थोडे शास्त्राकडे वळू. ताराबाईंच्या हयातीत मुलाच्या मेंदूच्या आत डोकावून पाहण्याची साधने जवळजवळ नव्हती. त्यांनी मुलांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले, एवढेच. पुढच्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी जे शोधले, त्याने त्यांच्या निरीक्षणाला मोठा आधार दिला आहे. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव भागाएवढा असतो. पाच-सहा वर्षांचे होईतो तो नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतो. मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जाऊन वाटा तयार होतात, आणि पहिल्या काही वर्षांत अशा जोडण्या सेकंदाला दहा लाखांहून अधिक ह्या वेगाने होतात, असा अंदाज आहे. ज्या वाटेने वरचेवर जाणेयेणे होते ती पक्की होते, जी वापरात नाही ती बुजत जाते. शेतातल्या पायवाटेचेच पाहा ना! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मेंदूचा पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो असे मान्य करून, तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरला आहे.

ह्या वाटा पक्क्या होतात कशाने? पाटी-पेन्सिलीने नव्हे. बाळ ‘अं’ करते, आई त्याच्याकडे पाहून ‘काय रे सोन्या’ म्हणते, बाळ हसते, आई पुन्हा बोलते. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा व्हावी लागते. तिच्यातूनच मूल भाषा शिकते, आणि त्याचबरोबर दुसऱ्याचा चेहरा वाचणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रडू आले तर सांगणे, राग आला तर आवरणे हेही शिकते. सहा महिन्यांच्या आसपास बाळाला जगातील कोणत्याही भाषेचे ध्वनी वेगळे ओळखता येतात. वर्ष भरत आले की त्याचा कान घरात ऐकू येणाऱ्या ध्वनींवर स्थिरावतो. आपल्या घरांतून उर्दूचा ‘ख़’ आणि ‘ग़’ ऐकू येतो, गल्लीतून मराठीचा ‘ळ’ आणि ‘ण’ ऐकू येतो. दोन्ही कानांवर पडणारे मूल गोंधळत नाही, श्रीमंत होते. ही श्रीमंती आपण मागास समजून लपवतो, आणि तीन वर्षांच्या पोराला घरातही मोडक्या इंग्रजीतच बोलायला लावतो.

भीतीचेही तसेच आहे. मार, आरडाओरडा, घरातली रोजची भांडणे यांच्या सावटाखाली मूल सतत राहिले, तर शरीरात ताणाची रसायने वाढलेली राहतात आणि त्याचा परिणाम स्मरण व शिकणे ह्यांवर होतो. पण जवळ घेणारे एक जरी विश्वासाचे माणूस असेल, मग ती आई असो, फुफी असो, आजोबा असो वा बालवाडीची ताई, तर तो आघात पुष्कळ सोसला जातो. कोसबाडला मुलाला आधी आंघोळ घालून, केस विंचरून मग शिकवत, ह्यात केवळ स्वच्छता नव्हती. रोज एक मोठे माणूस आपल्याला मायेने हात लावते, आपल्याशी बोलते, हे त्या मुलाला कळत होते.

पालक सभेत मला नेहमी दोन प्रश्न विचारले जातात. मूल चार वर्षांचे झाले, अजून लिहीत नाही, काय करावे? माझे उत्तर असे की, त्याच्या मनगटाची आणि बोटांची हाडे-स्नायू अजून तयार होत आहेत. त्याला कणकेचा गोळा द्या, शेंगा सोलू द्या, मातीत रेघा ओढू द्या. पाटीवर ‘अ’ किंवा अलिफ गिरवायला वेळ आहे. दुसरा प्रश्न बहुधा एखादी अम्मी मागच्या रांगेतून, ओढणी सावरत, हळू आवाजात विचारते. सर, मी शिकलेली नाही, मी माझ्या मुलाला काय शिकवणार? ह्या प्रश्नाने मला दरवेळी वाईट वाटते. विहिरीवर, चुलीपाशी, बाजाराच्या वाटेवर जी बाई आपल्या लेकराशी बोलते, त्याच्या ‘हे काय, ते काय’ला न कंटाळता उत्तर देते, ती त्याच्या मेंदूचेच काम करीत असते. पदवीधर असून जिच्या हातात सारा दिवस मोबाईल आहे, आणि मूल गप्प राहावे म्हणून ज्याच्याही हातात दुसरा मोबाईल दिला आहे, तिच्यापेक्षा ही अम्मी पुढे आहे. मोबाईल बोलतो खरा, पण मुलाने ‘अं’ केले तर थांबून त्याच्याकडे बघत नाही. हे वडिलांनाही लागू आहे. आमच्यापैकी किती जण संध्याकाळी दुकानातून किंवा कामावरून आल्यावर मुलाशी दहा मिनिटे बोलतो? मी स्वतः, शिक्षक असून, ह्या परीक्षेत अनेकदा नापास झालो आहे.

ताराबाईंच्या कामातही उणिवा काढता येतील. त्यांच्या पद्धतीला चांगली, मायाळू आणि तयार शिक्षिका लागते, आणि अशी शिक्षिका थोड्या मानधनावर सर्वत्र मिळेलच असे नाही. जेथे ती मिळाली नाही तेथे अंगणवाडीची निव्वळ खिचडी वाटण्याची जागा झाली, ही वस्तुस्थिती आहे. पण हा दोष अंगणाचा नव्हे. ताराबाईंनी आयुष्यातला मोठा वेळ शिक्षिका तयार करण्यातच घालवला होता, तो उगीच नव्हे.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्या वेळी त्या सत्तर वर्षांच्या होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. योगायोग असा की, ३१ ऑगस्ट ही मारिया मॉन्टेसोरी यांची जन्मतारीख. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे हे काम चालवले, त्या १९९२ साली वारल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ती देशातील ३३ ठिकाणी होती. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. आमच्या मोहल्ल्यातही एक आहे. पत्र्याची खोली, समोर थोडे अंगण, अंगणात बोरीचे झाड. मघाशी सांगितलेल्या त्या मुलाची धाकटी बहीण आता तेथे जाते. परवा मी शाळेत जाताना सायकल थांबवून क्षणभर पाहिले. सेविकाताई मांडीवर एक रडके मूल घेऊन बसल्या होत्या, आणि ही पोर त्यांच्या शेजारी उभी राहून भावाकडून ऐकलेली बकरीची गोष्ट इतर मुलांना सांगत होती. अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत.